चिखलीचा माळ आणि चारशें वार

पुण्यास आमच्या घरीं दिवाणखान्याच्या दारावर चिंकाऱ्याचीं शिंगें टांगलेलीं आहेत. लांबी दहा इंचांच्या आंतबाहेर, बुडापासून वर कड्याकड्यांचीं, टोंकें किंचित् पुढें झुकलेलीं. वाडा होता तोंवर तीं ओसरीवर होतीं. वाडा जाऊन त्या जागीं इमारत उभी राहिली तेव्हां तीं आमच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर चढलीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आल्यावर वडिलांनीं त्यांचें मालकीचें प्रमाणपत्र रीतसर करून घेतलें, तेंही शेजारींच चौकटींत लावलेलें आहे. ज्या घरांत चातुर्मासांत कांदा-लसूणसुद्धां उंबरठ्याबाहेर थांबतो, त्या घराच्या भिंतीवर हें कोठून आलें, असें प्रत्येक नवी सून एकदां भीतभीत विचारते. आणि मग तिला ती कथा ऐकविण्यांत येते. आमचे आजोबा वकील होते. १९३८ च्या माघांत चिखलीच्या माळावर त्यांनीं एकाच गोळीनें, चारशें वारांवरून, हें जनावर पाडलें. 'चारशें वार' हे शब्द उच्चारतांना सांगणाराचा आवाज थोडा चढतो. आमचाही चढत असे.

गेल्या हिंवाळ्यांत आमचा पुतण्या अमेरिकेहून आला. तो तिकडे कोलोरॅडो राज्यांत असतो आणि तेथील सरकारी परवाना काढून दरवर्षीं एखादें हरीण मारून आणतो. ही गोष्ट घरांतील वडीलधाऱ्या मंडळींपासून बरेच दिवस झांकून ठेवलेली होती. ती उघडकीस आली तेव्हां व्हायचें तें वादळ झालें व निवळलेंही. शिंगांखालीं उभा राहून त्यानें विचारलें, "काका, बंदूक कोणती होती?"

"तीनशें पंधरा."

"आणि दुर्बीण?"

"दुर्बीण कसली? नळीच्या टोंकावरची माशी आणि माणसाचा डोळा."

त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. पण त्याचें तें न बोलणेंच आम्हांस झोंबलें. आम्हीं कपाटांतून आजोबांच्या खर्चवह्या काढल्या. आजोबा पैशापैशाचा हिशेब ठेवीत. तेव्हां एवढी मोठी शिकार वहींत असणारच, अशी आमची खात्री होती. नोंद सांपडली. चिंचवड स्टेशनापर्यंत आगगाडीचें भाडें, तेथून चिखलीपर्यंत बैलगाडीचें भाडें, गांवच्या बांधावरून ओढ्यापलीकडच्या टेकाडावर जनावर दिसल्याचा एका ओळीचा उल्लेख, आणि त्याखालीं बारीक अक्षरांत: काडतुसें खर्च ४.

चार. आम्हीं वही मिटली आणि "चल, चिखलीला जाऊन येऊं," असें म्हटलें. ती वही आणखी दोन पानें उलटावी, हें त्या वेळीं सुचलें नाहीं.

चिखली पुण्यापासून पांच-सहा कोसांवर, इंद्रायणीच्या दक्षिण तीरीं आहे. वाटेंत खडकीस दारूगोळ्याचा कारखाना लागतो. तो १८६९ सालीं निघाला, आणि येथील काडतुसांच्या बुडावर उमटलेलीं 'के. एफ्.' हीं अक्षरें जुन्या बंदूकवाल्यांच्या ओळखीचीं आहेत. लष्कराची थ्री नॉट थ्री बंदूक आणि तिचीं काडतुसें खाजगी माणसाच्या हातीं पडूं नयेत, अशी इंग्रज सरकारची दक्षता असे. तेव्हां हिंदुस्थानांतील शौकिनांसाठीं कारखानदारांनीं लष्करी मापास टाळून निराळीं मापें काढलीं. त्यांतलें सर्वांत स्वस्त व म्हणून सर्वांत लोकप्रिय तें तीनशें पंधरा. मुळांत हें ऑस्ट्रियाच्या सैन्याचें १८९० च्या सुमाराचें आठ मिलिमीटरचें काडतूस. परक्या फौजेंतून निवृत्त झालेला हा गृहस्थ येथें वकील, इनामदार, मामलेदार यांच्या पदरीं नोकरीस राहिला, असें म्हणावयास हरकत नाहीं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्यांतही याच मापाच्या बंदुका निघूं लागल्या. आमच्या घरची बंदूक वडिलांच्या पश्चात् परवानेदार व्यापाऱ्याकडे जमा आहे, तिच्याबरोबर आजोबांच्या वेळचीं अकरा काडतुसेंही. तीं उडवून पाहण्याची गोष्ट आम्हीं सहज काढली, तर पुतण्या दचकलाच. इतक्या उन्हाळ्यांतून गेलेल्या दारूचा आणि टोपीचा भरंवसा नसतो. चाप ओढल्यावर बार कधीं क्षणभर उशिरां होतो, आणि तेवढ्यांत माणूस बंदूक खालीं घेऊं लागलेला असतो.

असो. चिखलीस पोंचल्यावर प्रथम कळत नाहीं तें हें कीं, चिखली लागली केव्हां. कारखाने, गोदामें, बारा-बारा मजल्यांच्या इमारती आणि मालमोटारींची रांग यांत भोसरी कोठें संपते आणि चिखली कोठें सुरू होते हें सांगणें स्थानिक माणसासही अवघड आहे. १९९७ सालीं हें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें. टाटा मोटर्सच्या मोटारी येथें बाहेर पडतात. कुदळवाडीच्या बाजूस भंगाराच्या गोदामांचें एक नगरच वसलें होतें. तें महापालिकेनें २०२५ च्या फेब्रुवारींत यंत्रें लावून भुईसपाट केलें. परंतु गांवाचें जुनें नांव अजून लोकांच्या तोंडीं आहे. येथील वृद्ध मंडळी टाळगांव चिखली असेंच म्हणतात. देहू एका हाताला, आळंदी दुसऱ्या हाताला, मध्यें हें टाळकऱ्यांचें गांव. तुकोबांच्या नांवाचें संतपीठही महापालिकेनें येथेंच काढलें आहे. या दोन तीर्थांच्या मधल्या माळावर पुण्याचे सोवळ्यांतले वकील बंदूक घेऊन येत असत, हें मनांत येऊन आम्हांस थोडें ओशाळल्यासारखें झालें.

बांध कोठला आणि टेकाड कोठलें, हें दाखविणारा कोणी भेटेल ही आशा नव्हती. पण एका लहानशा देवळाच्या ओट्यावर ऐंशीं उलटलेले एक माळकरी बाबा बसले होते. त्यांस विचारतांच ते उठलेच. इमारतींच्या मधल्या बोळांतून त्यांनीं आम्हांस एका दगडी बांधाच्या उरल्यासुरल्या तुकड्याशीं नेलें. ओढा आतां सिमेंटच्या नाल्यांतून वाहतो. पलीकडे चढ आहे, आणि चढावर एक चार मजली घर उभें आहे. त्याच्या गच्चीवर धुणें वाळत होतें.

"त्यो चढ म्हंजी टेकाड," बाबा म्हणाले. "समदा माळ मोकळा व्हता. हरणं आमच्या बापानं पाह्यली. मी लहान असताना एखाद-दुसरं यायचं, मग न्हाई आलं."

पुतण्यानें खिशांतून मुठीएवढें यंत्र काढलें. त्यांतून अदृश्य किरण जाऊन परत येतो आणि अंतर आंकड्यांत उमटतें. त्यानें तें त्या गच्चीखालच्या भिंतीवर रोखलें, तीनदां पाहिलें, आणि यंत्र आमच्या हातीं दिलें. २६८ मीटर, म्हणजे २९३ वार.

चारशेंचे तीनशेंही भरले नाहींत. घरच्या पिढ्यान्पिढ्यांच्या कथेंतून शंभरांवर वार एका क्षणांत गळून पडले, याचें आम्हांस वाईट वाटलें हें कबूल केलें पाहिजे. पण पुतण्या म्हणाला, "काका, अंतर कमी निघालें म्हणून वाईट वाटून घेऊं नका. खरी गोष्ट अशी कीं २९३ सुद्धां फार होतें."

मग त्या बांधावर बसून त्यानें हिशेब मांडला. हल्लीं हें गणित यंत्रच करितें, पण आम्हांस समजावें म्हणून त्यानें कागद घेतला. आजोबांच्या काडतुसाची गोळी २४४ ग्रेनची, जड आणि बोथट. नळींतून निघतांना तिचा वेग सेकंदास दोन हजार फुटांच्या आसपास. शंभर वारांवर बरोबर लागेल अशी बंदूक लावली, तर दोनशें वारांवर ती नऊ-दहा इंच खालीं येते, तीनशेंवर अडीच फुटांहून अधिक, आणि चारशेंवर सहा फूट. म्हणजे अंतर जितकें वाढतें तितकी गोळी नुसती खालीं येत नाहीं, कोसळतच जाते. ताशीं दहा मैलांचा वारा आडवा असला, आणि माळावर तेवढा असतोच, तर तीनशें वारांवर तो गोळीस फूटभर बाजूस सारतो, चारशेंवर दोन फूट. आतां जनावर पाहा. चिंकारा जमिनीपासून खांद्यापर्यंत सव्वादोन फूट, वजन वीस-बावीस किलो. ज्या जागीं गोळी लागली असतां तो तत्काळ मरेल ती छातींतील जागा फुलक्याएवढी. आणि बंदुकीच्या टोंकावरची ती माशी? तीनशें वारांवर ती दीड फूट जागा झांकते! म्हणजे आजोबांना नेम धरतांना जनावराची छाती दिसतच नव्हती. माशीच्या मागें कोठें तरी हरीण आहे, एवढेंच त्यांना ठाऊक.

"त्यांनीं अंतर चारशें धरलें असावें," पुतण्या म्हणाला. "मोकळ्या माळावर, मध्यें ओढ्याचा खोलगा असला, म्हणजे डोळा असा फसतो. चारशें समजून नेम उंच धरला तर २९३ वर गोळी जनावराच्या पाठीवरून जवळजवळ दोन फूट उंच गेली असेल. पहिल्या दोन-तीन तशाच गेल्या असतील. मग त्यांनीं नेम खालीं आणला."

"आणि चौथी लागली," आम्ही म्हणालों.

"चौथी कोठें तरी लागली," तो म्हणाला.

बाबा एवढा वेळ ऐकत होते. अंतरें आणि इंच त्यांस कळले असतील वा नसतील. पण उंच गेलेल्या गोळ्यांचें त्यांस कळलें. ते सावकाश म्हणाले, "त्या टेकाडामागं आमचं खळं व्हतं. माघात सारी माणसं खळ्यावरच."

आम्ही त्या चढाकडे पाहत राहिलों. अशी गोळी मैलभर सहज जाते. तीन गोळ्या टेकाडावरून पलीकडे गेल्या, आणि पलीकडे जोंधळ्याची मळणी चालली होती. हें आजोबांस ठाऊक होतें काय? त्यांना त्या बाजूचा माळच तेवढा दिसत असणार. कांहीं अनर्थ घडला असता तर तो गांवांत आजवर सांगितला गेला असता. बाबांनीं तसें कांहीं ऐकलेलें नव्हतें. पण आमच्या पायांतलें बळ गेल्यासारखें झालें, आणि थोडा वेळ आम्ही त्या बांधावरच बसून राहिलों.

बाबाच पुढें म्हणाले, "पुण्याचे लोक यायचे, बार काढायचे, आन् गाडीच्या टायमाला निघून जायचे. जनावर मागनं आमच्या पोरांनी हुडकायचं. नदीकडंच सापडायचं. लागलेलं जनावर पाण्याकडं जातं."

नदी तेथून फार लांब नाहीं. आम्ही तिकडे गेलों. काठावर विटा, फरशा, लोखंडाचे वांकलेले गज यांचे ढीग होते. इंद्रायणीच्या पूररेषेच्या आंत बांधलेले ३६ बंगले हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून २०२५ च्या मे महिन्यांत येथें पाडण्यांत आले. त्या ढिगांपलीकडे पाणी वाहत होतें. पण हल्लीं तें पाणी जनावरानें तोंड लावावें असें राहिलेलें नाहीं.

परततांना मोटारींत आमचा वाद झाला. आम्ही म्हणालों कीं, तुझ्यापाशीं आतां किरणानें अंतर मोजणारें यंत्र आहे, उत्तम दुर्बीण आहे, वाऱ्याचें गणित आहे. तेव्हां आजोबांचा प्रश्न तुझ्यापुरता सुटला. त्याची स्वतःची बंदूकही जुन्याच काडतुसाची आहे. जर्मनीच्या मौझर कारखान्यानें १८९२ सालीं काढलेलें सात मिलिमीटरचें तें माप. तेंच पुढें विलायतेंत रिग्बी यांनीं दोनशें पंचाहत्तर या नांवानें विकलें. चंपावतची वाघीण मारल्यानंतर १९०७ सालीं जिम कॉर्बेट यांस जी बंदूक नजर करण्यांत आली ती याच मापाची. पुतण्यानें सांगितलें कीं आजच्या दुर्बिणी लावून या सव्वाशें वर्षांच्या काडतुसानें पांचशें-सहाशें वारांवरची लोखंडी तबकडी वाजविणारे तिकडे पुष्कळ आहेत. तो स्वतःही वाजवितो.

"मग हरणावर किती वारांवरून?"

"अडीचशें. त्यापुढें नाहीं."

"कां बरें?"

"तबकडी पाऊल उचलीत नाहीं, काका. आणि तबकडी जखमी होऊन पळतही नाहीं."

त्याचें म्हणणें असें कीं, यंत्रानें अंतर कळतें, वारा कळत नाहीं. निदान मधल्या सगळ्या वाटेवरचा कळत नाहीं. गोळीस चारशें वार जाण्यास पाऊण सेकंद लागतो, तेवढ्यांत चरणारें जनावर एक पाऊल पुढें टाकतें आणि छातीसाठीं निघालेली गोळी पोटांत जाते. मऊ टोंकाची गोळी जवळून लागली तर शरीरांत उमलते आणि जीव तत्काळ जातो. लांबवर जाऊन तिचा वेग ओसरला कीं ती न उमलतां सुईसारखी आरपार जाते. (गंमत अशी कीं मऊ गोळी आपल्याकडच्या डमडमच्या कारखान्यामुळें जगभर बदनाम झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेनें युद्धांत ती क्रूर म्हणून निषिद्ध ठरविली, जनावराच्या बाबतींत मात्र तीच दयेची समजली जाते. माणसास जखमी करून सोडणें ही दया, जनावरास सोडणें हें क्रौर्य!) आणि सर्वांत शेवटचें असें कीं, चारशें वारांवर जनावर कोठें उभें होतें ती जागा तेथें चालत गेल्यावर ओळखूं येत नाहीं. रक्ताचा पहिला थेंबच सांपडला नाहीं तर माग काढायचा कशावरून? तिकडील बून अँड क्रॉकेट या नांवाच्या जुन्या शिकारी मंडळानेंही फार लांबून जनावर मारण्याच्या नव्या हौसेस उघड विरोध केला आहे. हें मंडळ १८८७ सालीं थिओडोर रूझवेल्ट यांनीं काढलें, आणि त्यांस कोणी भूतदयावादी म्हणणार नाहीं.

जुन्या काडतुसाची एक गोष्ट त्यास आवडते ती अशी कीं, तें माणसास जवळ जावयास लावतें. कॉर्बेट यांच्या हकिगतींत बहुतेक नरभक्षकांचा शेवट थोड्या पावलांवरून झालेला आहे. जवळ जाणाऱ्यास पोटावर सरपटावें लागतें, वाऱ्याची दिशा राखावी लागते, आणि पुष्कळदां जनावर निसटतें व माणूस रिकामा घरीं येतो. आमच्या वंशांत हा गुण कितपत आहे याची आम्हांस शंका आहे. आजोबांस संध्याकाळची गाडी गांठायची होती.

आम्ही त्यास म्हणालों, "इतका विचार करतोस, तर मारतोस तरी कशाला?" तो म्हणाला, "मी आणलेलें हरीण आम्ही हिंवाळाभर खातों. आजोबांनीं तें कोणासाठीं मारलें?" यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दोघांपैकीं कोणाचें अधिक चुकलें, हें आम्ही येथें ठरवीत नाहीं. आमच्या घरांत तर त्या विषयावर अजूनही दोन पक्ष आहेत.

कोणी म्हणेल, आपल्याकडे शिकार कायद्यानें बंद, चिंकारा पहिल्या अनुसूचींत, आतां हा ऊहापोह कशासाठीं? पण तो अगदींच निरुपयोगी नाहीं. रानडुकरें उभें पीक लोळवितात म्हणून वन खात्याची परवानगी काढून तीं मारण्याची सोय महाराष्ट्रांत आहे, आणि त्या कामीं खेड्यापाड्यांतून बाहेर निघते ती हीच जुनी तीनशें पंधरा किंवा बाराबोरी. रात्र, बॅटरीचा झोत, पलीकडे कोणाची तरी वस्ती. त्या शेतकऱ्याची गरज आजोबांच्या हौसेहून पुष्कळ खरी आहे हें आम्ही जाणतों. पण गोळीचा हिशेब गरज पाहून बदलत नाहीं.

घरीं पोंचल्यावर, बाबांचें बोलणें डोक्यांत घोळत असल्यामुळें, आम्हीं खर्चवही पुन्हां काढली आणि पुढचीं पानें उलटलीं. शिकारीच्या तिसऱ्या दिवशींची नोंद होती: चिखलीचा इसम हरीण घेऊन आला, त्यास रुपये २. त्यापुढें वर्षअखेरपर्यंत आम्हीं पान न् पान पाहिलें, पुढच्या दोन वर्षांच्या वह्या पाहिल्या. काडतुसांच्या खरेदीची नोंद कोठेंही नाहीं. बंदुकीच्या परवान्याची फी मात्र दरवर्षीं भरलेली आहे.

घरांत त्या वेळचें माणूस एकच आहे, आमची आत्या. १९३८ सालीं ती सहा वर्षांची होती; आज नव्वदीपलीकडे आहे, कान थोडे मंद, पण तांदूळ निवडणें अजून दुसऱ्या कोणाच्या हातीं देत नाहीं. आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलों व हळूच विचारलें, "आत्या, तुम्हांला तें हरीण आणलेलें आठवतें का?"

"आठवतें तर. आईनें तें दारांतून आंत येऊं दिलें नाहीं. मागच्या परसांत ठेवलें होतें. मागला पाय असा नुसता लोंबत होता." तिनें तांदळांतून एक खडा काढून बाजूस टाकला. "अण्णा आदल्या तीन दिवसांत धड जेवले नव्हते. तें बघायला बाहेरही आले नाहींत."

"मग एका गोळीचें आणि चारशें वारांचें कोणी सांगितलें?"

"तुझ्या मोठ्या काकांनीं. अण्णा वारल्यावर."

"आणि तुम्ही कधीं बोलला नाहीं तें?"

"विचारलें कोणी?" आत्या म्हणाल्या.

पुतण्या दाराशीं उभा होता. नव्या दुरुस्तीप्रमाणें अशा वस्तू आपण होऊन सरकारास परत करतां येतात, असें त्यानें कोठें वाचलें होतें. त्याविषयीं तो कांहीं बोलूं लागला. आत्यांस तें नीट ऐकूं आलें नसावें. त्यांनीं सूप झटकलें, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, "मग किती भरलें रे तें अंतर, खरेंखुरें?"

"दोनशें त्र्याण्णव," आम्हीं सांगितलें.

"एवढें?" असें म्हणून त्या पुन्हां निवडावयास लागल्या.